घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सांभाळासाठी सरकारी पैसा: कुठून, किती आणि कोणत्या क्रमाने

अंथरुणाला खिळलेल्या आजींना उठवायला-बसवायला, अंघोळ घालायला बाई ठेवली, तर तिचा पगार देणारी सर्वसाधारण सरकारी योजना महाराष्ट्रात नाही. तहसील कचेरीत जाऊन 'केअरटेकरची स्कीम' विचारलीत, तर समोरचा कारकून मान हलवेल, आणि त्यात त्याची चूक नाही. जर्मनीत १९९५ पासून आणि जपानमध्ये २००० पासून या कामासाठी स्वतंत्र विमा आहे. आपल्याकडे तो विचार अजून कागदावरही धड आलेला नाही.

तरीही पैसा आहे, फक्त तो एका खिडकीत मिळत नाही. पेन्शन तहसीलमधून मिळते, काठी-खुर्चीचे पैसे समाजकल्याणकडून, नर्सची घरभेट आरोग्य खात्याकडून, दिव्यांग निधी ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून. मुले पाहत नसतील तर त्यांच्याकडून खर्च वसूल करून देणारा प्रांत अधिकारी वेगळाच. यातली एखादी गोष्ट मिळाली की बहुतेक घरे थांबतात. आणि बरीच घरे चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात: आधी पेन्शनचा अर्ज टाकतात, मग बँकेत अडकतात, आणि दिव्यांग दाखल्याचे तर कोणी सुचवतच नाही. क्रम नीट लावला तर तेच काम कमी श्रमांत होते. म्हणून इथे योजनांची यादी देण्यापेक्षा कामाचा क्रम दिला आहे.

वयाचे आकडे आधीच डोक्यात ठेवा. साठीनंतर केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून कायद्याचे संरक्षण मिळते. पासष्टनंतर राज्याची श्रावणबाळ पेन्शन आणि मुख्यमंत्री वयोश्री योजना लागू होते. सत्तरनंतर उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते.

पहिले काम: दिवस कागदावर लिहा

अर्ज-बिर्ज नंतर. आधी एक कोरा कागद घ्या आणि म्हाताऱ्या माणसाचा एक पूर्ण दिवस लिहून काढा. सकाळी उठवायला किती जण लागतात? संडासला स्वतः जाता येते की धरून न्यावे लागते? रात्री किती वेळा उठवावे लागते? घास स्वतः घेता येतो का, की भरवावा लागतो? गोळ्या कोण देते? आणि सगळ्यात महत्त्वाचे, हे सगळे आज कोण करते, आणि त्यासाठी त्या माणसाने कोणते काम सोडले आहे?

हा कागद तीन ठिकाणी कामाला येतो. दिव्यांग दाखला देणाऱ्या बोर्डासमोर डॉक्टर पाच मिनिटे बघतात, तेव्हा काय सांगायचे ते विसरत नाही. आरोग्य केंद्रात 'आजी आजारी आहेत' म्हटल्याने काही हलत नाही. 'आजींना कुशीवर वळवायला माणूस लागतो, पाठीला लाल चट्टा पडला आहे' असे म्हटले की हलते. आणि मुलांविरुद्ध निर्वाह खर्चाचा अर्ज करायची वेळ आलीच, तर महिन्याला किती लागतात याचा हिशेब याच कागदावरून मांडता येतो.

दुसरे काम: आधार आणि बँक

इथे सगळ्यात जास्त अर्ज मरतात. मंजुरीचे पत्र हातात असते, यादीत नाव असते, आणि पासबुकात काही येत नाही.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या पेन्शन योजनांचे पैसे आता थेट आधार-संलग्न खात्यात येतात. बँकेत गेल्यावर नुसते 'आधार लिंक आहे का' एवढेच विचारू नका. खात्याला आधार जोडलेला असणे ही एक गोष्ट, आणि थेट लाभासाठी त्या आधार क्रमांकावर हेच खाते नोंदलेले असणे ही दुसरी. एका आधार क्रमांकावर सरकारी पैसा घेणारे खाते एकच असते, आणि ते शेवटी जे नोंदवले गेले ते असते. आजींनी काही वर्षांपूर्वी एखाद्या शिबिरात जनधन खाते काढले असेल, त्याचे पासबुक कोणाला सापडत नसेल, आणि पैसे बिनबोभाट तिकडेच जात असतील. घरचे मात्र महिनेन् महिने भलत्याच पासबुकावर एंट्री मारून घेत बसतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की कोणती बँक नोंदली आहे ते लगेच दिसते. चुकीची असेल तर हव्या त्या बँकेत अर्ज देऊन बदलून घ्या. खाते खूप दिवस वापरात नसेल तर केवायसी करून ते आधी चालू करून घ्या.

नाव जुळते का तेही पाहा. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, बँकेत 'बाई' जोडलेले, असा प्रकार जुन्या बायकांच्या कागदांत सर्रास दिसतो. पेन्शनचा अर्ज टाकण्याआधी हे निस्तरा. अर्ज टाकल्यावर निस्तरायला गेलात तर प्रत्येक त्रुटीला नवा हेलपाटा पडतो.

आता अंगठ्याचा प्रश्न. आयुष्यभर शेतात, भांड्यांत, विटांवर काम केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात. मशीन अंगठा घेत नाही, मग ऑपरेटर 'हात धुऊन या' म्हणतो, मग 'दुसरे बोट लावा' म्हणतो, आणि मागची रांग कुरकुरायला लागते. अशा वेळी आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या. ठशाऐवजी बुबुळ किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय जिथे आहे, तिथे तीच मागा.

माणूस बँकेपर्यंत जाऊच शकत नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली पोस्टाची: टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन आधारवर पैसे काढून देऊ शकतो, खाते दुसऱ्या बँकेत असले तरी. दुसरी म्हणजे बँकेची स्वतःची घरपोच सेवा. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना ती द्यावी असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. शाखेत तोंडी नकार मिळाला तर अर्ज लेखी द्या, सूर बदलतो. अगदी हात हलत नसलेल्या खातेदारासाठीही रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: हाताचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा, आणि बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हे बऱ्याच शाखांतल्या नव्या कर्मचाऱ्यांना माहीत नसते, म्हणून शाखा व्यवस्थापकालाच गाठायचे.

तिसरे काम: दिव्यांग दाखला, ज्याचा विचार कोणी करत नाही

'म्हातारपण आहे, त्याला काय अपंग म्हणायचं?' हे वाक्य घराघरांत ऐकू येते, आणि त्यापायी महिन्याला हजार रुपये जातात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि त्यांत वय आडवे येत नाही. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, मधुमेहात पाय कापावा लागलेला, कानाने जवळजवळ ऐकू न येणे, दृष्टी फार कमी झालेली, पार्किन्सन्स, हे सगळे त्यात बसू शकते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर बहुतेक लाभांचे दार उघडते.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर ऑनलाइन करायचा, जवळचे सरकारी रुग्णालय निवडायचे, आणि दिलेल्या तारखेला माणसाला बोर्डासमोर न्यायचे. पक्षाघाताचा झटका नुकताच आला असेल तर बोर्ड सहसा काही महिने थांबायला सांगते, कारण मधल्या काळात सुधारणा होऊ शकते. तोवर डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा.

तपासणीच्या दिवशीचा एक अनुभव सार्वत्रिक आहे. घरी कण्हत असलेले आजोबा डॉक्टर दिसले की ताठ बसतात, 'मला काही नाही हो, जमतं सगळं' म्हणतात आणि काठी बाजूला ठेवून दोन पावले चालूनही दाखवतात. त्यांचा मान राखा, पण सोबत जाणाऱ्याने दिवसाचा तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. वाढवून काही सांगू नये, आणि झाकूनही ठेवू नये.

चौथे काम: पेन्शन

पासष्टच्या आत असाल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. त्यात विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराने ग्रासलेले, निराधार असे बरेच गट येतात. पासष्ट पूर्ण झाली की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दोन्हींत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी राज्याने ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केली. तिसरे काम आधी का करायचे, ते इथे कळेल.

श्रावणबाळचे दोन गट आहेत. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत आहे त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून २०० रुपये मिळतात, ऐंशीच्या पुढे ५००, आणि उरलेली भर राज्य घालते. त्यामुळे एकूण रक्कम तीच राहते, फक्त पासबुकात कधी दोन वेगळ्या नोंदी दिसतात. एकच नोंद पाहून 'कमी आले' असे समजू नका. केंद्राचा हा २०० चा आकडा किती वर्षांपासून तसाच आहे याची आठवण काढली की वाईट वाटते, पण ते असो. यादीत नाव नसलेल्यांसाठी दुसरा गट आहे, आणि त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट आहे: २१,००० रुपये.

म्हणजे महिन्याला १,७५०. घरातल्या एकाने रोजगार हमीवर शंभर दिवस भरले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. ही अट बदलायला हवी, याबद्दल कोणाशीही वाद घालायला मी तयार आहे. पण आज ती आहे, आणि अर्जाचे भवितव्य बहुतांशी तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर ठरते. म्हणून दाखला काढायला जाताना कुटुंब म्हणून कोणाकोणाचे उत्पन्न धरले जाणार हे तलाठ्याला आधीच विचारा. म्हाताऱ्या जोडप्याचे रेशनकार्ड मुलापासून खरोखर वेगळे असेल आणि चूल वेगळी असेल, तर ते कागदावर दिसले पाहिजे. पैशासाठी खोटी वाटणी दाखवणे मात्र अंगाशी येते. पडताळणीत उघड झाले तर घेतलेली रक्कम परत भरावी लागते.

दिव्यांगांसाठी संजय गांधी योजनेत उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५०,००० आहे. पासष्टच्या आतल्या माणसाला झटका आला असेल आणि घर २१,००० च्या वर पण ५०,००० च्या खाली असेल, तर नकार मिळणार की मंजुरी हे फक्त दिव्यांग दाखल्यावर ठरते.

कागद असे लागतात: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, फोटो, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा साक्षांकित उतारा, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे राहत असल्याचा रहिवासी दाखला, आणि वयाचा पुरावा. वयाचा पुरावा ही जुन्या माणसांची खरी अडचण. शाळाच पाहिली नाही तर शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी ग्रामपंचायतीतली जन्मनोंद, मतदार यादीतील वयाचा उतारा, किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसते १ जानेवारी आणि कोणीतरी अंदाजाने टाकलेले साल असते. ते चुकून पाच वर्षे लहान असेल तर पेन्शन पाच वर्षे लांबते, म्हणून ते पुराव्यानिशी आधीच दुरुस्त करा.

अर्ज गावात तलाठ्याकडे द्यायचा, शहरात संजय गांधी योजना शाखेत. आपले सरकार सेवा केंद्रातूनही ऑनलाइन भरता येतो. कुठेही द्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढे तालुक्याच्या समितीच्या बैठकीत अर्ज मंजूर होतो, आणि ती बैठक केव्हा भरेल यावर तुमची मंजुरी लटकते.

मंजुरी मिळाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे बंद होतात, आणि बंद झाल्याचे पत्र घरी येत नाही. अंथरुणावरच्या माणसासाठी तलाठ्याला किंवा तहसील कचेरीला लेखी कळवून घरी पडताळणी मागा.

घरातल्या बायकांसाठी एक इशारा. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २१ ते ६५ वयातल्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला मिळतात. पासष्ट ओलांडली की ते थांबतात, आणि पुढे जी श्रावणबाळ आहे तिची अट २१,००० ची. वर्षाला लाख-दीड लाख कमावणाऱ्या घरातल्या आजीचा पैसा नेमका तिची गरज वाढते तेव्हा बंद होतो. यावर घरगुती उपाय नाही. फक्त चौसष्टाव्या वर्षीच दारिद्र्यरेषेच्या यादीतले नाव आणि तपासणी करून दिव्यांग दाखल्याची शक्यता, दोन्ही पाहून ठेवा.

पाचवे काम: वस्तू

खाटेजवळ कमोड खुर्ची आली की रात्रीची निम्मी ओढाताण संपते. पगारी बाई ठेवण्याआधी वस्तूंचा विचार करा, हे माझे ठाम मत आहे.

मुख्यमंत्री वयोश्री योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. पासष्ट वर्षे पूर्ण, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत, आणि एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे जातो. पैशातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कमरेचा पट्टा अशा वस्तू घ्यायच्या, आणि खरेदीचे बिल ३० दिवसांत सादर करायचे. बिल राहून गेले की भानगड होते, म्हणून दुकानदाराकडून लाभार्थ्याच्याच नावाने पक्के बिल घ्या. तीच वस्तू गेल्या तीन वर्षांत सरकारकडून फुकट मिळाली असेल तर या पैशातून पुन्हा घेता येत नाही.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तीत कानपूरची एलिम्को ही सरकारी कंपनी शिबिरे भरवून वस्तू मोफत देते: साठीपुढचे, दारिद्र्यरेषेखालील किंवा महिन्याला १५,००० पर्यंत उत्पन्न असलेले. महाग वस्तू, म्हणजे व्हीलचेअर आणि श्रवणयंत्र, आधी शिबिरातून मिळते का पाहा. राज्याचे ३,००० शिबिरात न मिळणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवा. शिबिराची तारीख समाजकल्याण कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत कळते. शिबिरात आधी मोजमाप होते आणि वस्तू नंतर वाटल्या जातात, त्यामुळे दोन्ही दिवशी जावे लागते.

सहावे काम: दवाखाना घरी आणणे

आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. सत्तरच्या पुढच्या प्रत्येकाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार, फक्त आधारवर. पण नीट समजून घ्या, हे रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. घरी येणाऱ्या नर्सचे किंवा रोजच्या गोळ्यांचे पैसे यातून मिळत नाहीत. मात्र डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचा औषधोपचार पॅकेजमध्ये धरलेला असतो. डिस्चार्जच्या काउंटरवर 'पुढच्या १५ दिवसांची औषधे कुठून घ्यायची?' असे स्पष्ट विचारा. न विचारणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही.

घरी येणारी सेवा राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमातून मिळते. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात अंथरुणावरच्या ज्येष्ठांची आरोग्य कर्मचाऱ्याने घरी जाऊन तपासणी करणे, घरच्यांना काळजी घ्यायला शिकवणे, हे लिहिलेले काम आहे. जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा कक्ष असावा, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची ओपीडी असावी, हेही त्यातच येते. प्रत्यक्षात माणसे कमी आणि गावे जास्त, त्यामुळे मागितल्याशिवाय फेरी होत नाही. आशाताईंमार्फत उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे नाव नोंदवा, आणि भेट झाली की तीन गोष्टी शिकून घ्या: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, लघवीची नळी असेल तर ती कशी स्वच्छ ठेवायची, आणि खाटेवरून खुर्चीत उचलताना आपली कंबर कशी वाचवायची. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दरमहा दुकानातून आणत असाल तर तो खर्च आजच वाचवा.

कर्करोग किंवा शेवटच्या टप्प्यातला आजार असेल तर जिल्हा रुग्णालयात वेदनाशामक सेवेचा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचा, कक्ष आहे का ते विचारा. जिथे पथक आहे तिथे ते घरीही येते.

सातवे काम: ग्रामपंचायत, नगरपालिका

स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कुठे रोख मदत देतात, कुठे वस्तू, कुठे घरपट्टीत सवलत. गावाचे उत्पन्नच तुटपुंजे असेल तर हाती फार काही येत नाही, शहरात मात्र रक्कम बरी असू शकते. दिव्यांग दाखला जोडून अर्ज द्या आणि ग्रामसभेत या निधीचा हिशेब विचारा. वर्षअखेरीला, मार्चच्या तोंडावर, हा निधी खर्च करायची घाई असते. तुमचा अर्ज तेव्हा फाइलमध्ये असायला हवा.

मग हातात काय येते?

एक उदाहरण धरू. ७४ वर्षांच्या आजी, डावी बाजू गेलेली, ६० टक्क्यांचा दाखला, उत्पन्न मर्यादेत. महिन्याला २,५०० श्रावणबाळचे. एकदाच ३,००० वयोश्रीचे, त्यातून कमोड खुर्ची. शिबिरातून व्हीलचेअर. गोळ्या आरोग्य केंद्रातून. सून सांभाळते, तिचे लाडकी बहीणचे १,५०० वेगळे. ते तिचे आहेत, आजींच्या खर्चात धरू नका. ती आधीच न मोजलेले काम करते आहे.

२,५०० मध्ये दिवसभराची बाई मिळत नाही. पण दिवसातला सगळ्यात जड तास विकत घेता येतो, बहुधा सकाळचा, अंघोळ आणि कपड्यांचा. शेजारची, ओळखीची, धट्टीकट्टी बाई त्या एका तासापुरती ठरवा. दिवसभर थोडे थोडे करणारा कोणी ठेवण्यापेक्षा सुनेची कंबर या एका तासाने जास्त वाचते. ठरवताना काम आणि पैसे वहीत लिहून दोघांनी सही करा.

आठवे काम: मुले असून पाहत नसतील तर

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याखाली मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांच्याकडून महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च मिळू शकतो. अपत्य नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार तो नातेवाईक जबाबदार धरला जातो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या, न्यायाधिकरणात करायचा. वकील लागत नाही. स्वतः जाता येत नसेल तर दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही अर्ज करू शकते. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि अपवादाने आणखी ३०. तोवर हाती काही यावे म्हणून अंतरिम खर्चाची मागणी त्याच अर्जात लिहा.

निकाल लागला आणि मुलगा देईनासा झाला, तर वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत करावा लागतो. 'देईल, देईल' म्हणत थांबाल तर त्या महिन्याची रक्कम बुडते. न देणाऱ्याला महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे.

घर किंवा जमीन मुलाच्या नावे करण्याचा विचार असेल तर बक्षीसपत्रातच 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असे शब्द लिहून घ्या. ही अट मोडली तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. अट नसलेला दस्त रद्द करायला फार झगडावे लागते.

अर्ज अडकला तर

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. कोणत्या कचेरीत जायचे हे तिथे मराठीत सांगतात, आणि एकटे राहणाऱ्यांच्या अडचणीतही मदत करतात. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत मिळायला हव्यात. मुदत उलटली की त्यासाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

पेन्शनच्या अर्जाचे काय झाले ते कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही, उत्तर ३० दिवसांत. 'पेन्शन का मिळत नाही?' असे विचारू नका, त्याला गोलमाल उत्तर येते. असे विचारा: अमुक पोच क्रमांकाचा माझा अर्ज कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, समितीच्या कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला, नामंजूर केला असल्यास त्या निर्णयाची आणि त्यावरच्या शेऱ्याची प्रत द्यावी. बहुतेक वेळा फाइल उत्तर यायच्या आधीच हलते. नामंजुरीचे कारण एकदा लेखी हातात आले, की उत्पन्न, वय, रहिवास यांतला नेमका कोणता कागद कमी पडला ते कळते, आणि तेवढाच जोडून नव्याने अर्ज करता येतो.